अकरा ओळींची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती शुक्रवारी, २१ तारखेला छपाईला जाणार. प्रकाशनाच्या संपादिकाबाईंनी शनिवारी सांगितलं, आणि छापखान्याच्या फोरमनने आज सकाळी दुजोरा दिला. म्हणजे माझ्या हातात अठरा दिवस आहेत. तुझ्याही.

प्रुफं माझ्याकडेच आली आहेत. तुला हे कुणी सांगितलं नसणार. चौथी आवृत्ती त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतली होती. तीत ‘समाज’चा तीन ठिकाणी ‘समज’ झालाय आणि एकाही वाचकाने तक्रार केली नाही म्हणे. संपादिकाबाई म्हणाल्या, “ताई, यावेळी तुम्हीच घ्या. सर काय म्हणतील ते मी बघते.”

तू फोन उचलत नाहीस. ईमेलला तुझा सहायक ‘सर लेखनात व्यग्र आहेत’ असं ठरलेलं उत्तर धाडतो. म्हणून हा कागद. लिहिलेला कागद न वाचता टाकून देणं तुला जमत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

मुद्द्यावर येते. पान १४३. ते मी इथे उतरवून काढतेय, कारण तूही ते बऱ्याच वर्षांत वाचलं नसशील. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं, म्हणून वाचायचं राहून जातं.

‘एका इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या आठ दोऱ्या होत्या. त्या कुणाच्याच नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. एके दिवशी त्यांतली एक कुणीतरी कापून नेली. सहाव्या दिवशी एका गृहिणीने पत्र्याच्या तुकड्यावर आपलं नाव रंगवून तो दोरीला अडकवला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक दोरीला नाव होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं भांडण झालं. माणूस चोराला भीत नाही, तो शेजाऱ्याला भितो. समाज म्हणजे त्या भीतीने केलेला तह. त्या गृहिणीने आपलं नाव लिहिलं तेव्हाच त्या गच्चीवर मालकीचा जन्म झाला.’

छापल्यावर या अकरा ओळी होतात. तुझं सगळं पुस्तक या अकरा ओळींवर उभं आहे, असं तूच प्रस्तावनेत म्हणतोस. मागच्या सूचीत ‘भय’ या शब्दापुढे एक्केचाळीस पानं आहेत आणि ‘शेजार’पुढे एकच, १४३.

आठ वर्षांपूर्वी आईच्या शोकसभेत तू हा उतारा वाचून दाखवलास आणि म्हणालास, ती गृहिणी म्हणजे आमची आई. लोक कौतुकाने हसले. मी उठून बाहेर गेले. मागून तू जिन्यात आलास आणि म्हणालास, “आता राग येतोय? तीन आवृत्त्या तूच तपासल्यास की!”

मी तशीच जिना उतरून गेले, आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. उत्तर आज देते. छापखान्यात पहिल्याच दिवशी जुन्या फोरमनने मला शिकवलं होतं, “मजकूर आवडायला लागला की चुका दिसेनाशा होतात. पान शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचं.” मी तेवीस वर्षं तसंच वाचलं. वेलांट्या पाहिल्या, अनुस्वार पाहिले. तीन वेळा आईवरून हात फिरवला आणि ती मला दिसली नाही. शोकसभेत तू वाचलंस तेव्हा मी ते पहिल्यांदा सरळ ऐकलं.

माझी विनंती एवढीच आहे की पान १४३ बदलावं. का, ते तू विचारलंस तर सांगेन.

— मुद्रितशोधक


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘प्रति, मुद्रितशोधक. पृष्ठ १४३ वरील मजकूर कायम ठेवावा. शुद्धलेखनाव्यतिरिक्त सूचना अपेक्षित नाहीत.’ सहीखाली शाईचा ठिपका फुटलाय. चिडलास की पेन दाबतोस, ते अजून गेलं नाही.

‘का’ असं तू विचारलं नाहीस. तरी सांगते.

दोरी मी कापली.

नऊ वर्षांची होते. शाळेत दोरीउड्यांची स्पर्धा होती आणि माझ्याकडे दोरी नव्हती. आईकडे मागितली असती तर तिने दिली असती, हे मला आज कळतं. तेव्हा मागण्यापेक्षा कापणं सोपं वाटलं. भाजीच्या सुरीने कापली, शेवटच्या रांगेतली, टाकीच्या मागची. एक टोक सुटल्यावर दुसरं कापायला फार वेळ लागला, कारण माझा हात तिथे पोचत नव्हता; बादली पालथी घालून तीवर उभी राहिले. दोरी जिन्याखालच्या पोकळीत लपवली. स्पर्धेत चौथी आले. बक्षिसं तीनच होती.

तुझ्या पुस्तकातलं ते ‘कुणीतरी’ मी आहे. त्या ‘कुणीतरी’बद्दल तू पुढे अडीच पानं लिहिली आहेस. त्याचा हेतू, त्याचा लोभ, सगळ्यांच्या वस्तूवर डल्ला मारण्याची त्याच्या मनातली आदिम प्रेरणा. वाचताना मला स्वतःबद्दल बरीच नवी माहिती मिळाली.

मी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. पुढे पाट्या लागल्या, भांडणं झाली, मोठी माणसं जिन्यात एकमेकांकडे न बघता जायला लागली. मला वाटलं, आता बोलले तर सगळ्यांचा राग माझ्यावर येईल. वय वाढलं तसं वाटायला लागलं, एवढ्याशा गोष्टीचं आता काय सांगायचं. आणि मग तू तीवर पुस्तक लिहिलंस.

म्हणून पान बदलायला सांगतेय. मी गप्प राहिले म्हणून आईच्या नावावर हे जमा झालंय. तिला शेजाऱ्यांची भीती वाटली असेलच कशी? चोर तिच्या घरातच होता.

फोरमनने सांगितलंय, पान १४३ नवव्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या नवव्या गठ्ठ्यात आहे. तो फॉर्म छपाईवर चढेपर्यंत बदल करता येईल. एकच अट आहे. अकरा ओळी काढल्या तर अकराच घालायच्या. बारावी आली की पुढची सगळी पानं सरकणार आणि सूची कोलमडणार.

— धाकटी


बुधवार, १२ फेब्रुवारी

दादा,

कबुलीवर तुझं काहीच उत्तर नाही. मग मी स्वस्थ बसले नाही. मला एका गोष्टीचं कुतूहल लागलं होतं. आईने नाव का लिहिलं? ती स्वतःची वाटी शेजारी विसरून येणारी बाई. पाटी रंगवण्याइतका संशय तिच्यात एकाएकी आला कुठून?

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आठवतात? गच्चीलगतच्या एका खोलीत एकट्या राहायच्या, रात्रपाळी करून सकाळी यायच्या. तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, आता सत्तरीच्या आहेत. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर विचारलं तर तिथल्या बाईंनी बोटानेच दाखवलं: मागची वसाहत, दुसरा मजला, दारापुढे कुंड्या.

दार उघडून त्या बघतच राहिल्या.

“कोण गं तू?”

“तळमजल्यावरची धाकटी. दादाची बहीण.”

“म्हणजे उंदरी!” त्या म्हणाल्या, आणि असं हसायला लागल्या की त्यांना चौकटीला धरून उभं राहावं लागलं. “ये, ये. आता काय कुरतडायला आलीस?”

उंदरी? हा शब्द मी घरात कधीच ऐकला नव्हता.

चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. संध्याकाळी घरी आल्याबरोबर टिपून ठेवलं होतं.

“आठ दोऱ्या होत्या तेव्हा माझं भागायचं. खाली सात बिऱ्हाडं, आठवी मी. मी दुपारी झोपून उठायचे, कपडे धुवायचे आणि कुठेतरी कोपऱ्यात एक दोरी रिकामी सापडायची. टाकीमागची. तीच नेमकी गेली. मग सातच राहिल्या, आणि मी उठेपर्यंत सातही भरलेल्या. भांडायचं कुणाशी? मी एकटी, भाड्याची खोली, त्यात रात्रीची बाहेर जाणारी बाई. आधीच लोकांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मी गणवेश खोलीतच वाळत घालायला लागले. वाळायचा, पण कुबट वास यायचा. आमच्या मेट्रन वॉर्डच्या दारात उभं करून कॉलरचा वास घ्यायच्या. सगळ्यांसमोर. दोनदा परत पाठवलं मला.”

“मग?”

“मग तुझी आई. जिन्यात गाठलं मला. म्हणाली, दुपारी बारानंतर पहिली दोरी तुमची. मी म्हटलं, ती तर तुमची असते. म्हणाली, बारापर्यंत आमची, बारानंतर तुमची. मी नको म्हटलं. म्हणाली, नको कशाला? दोरी आमच्या घरातून गेलीय. माझ्या घरात एक उंदरी आहे, तिने कुरतडली. आमच्या घरातून गेली ती आमच्याच वाट्यातून भरून निघायला हवी.”

दादा, आईला माहीत होतं.

मी त्यांच्या पलंगावर बसले. त्या बोलत होत्या आणि मला जिन्याखालची ती दोरी दिसत होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी ती काढली तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना दोरा गुंडाळलेला होता, पीळ सुटू नये म्हणून. घट्ट, नीटस. मला इतकी वर्षं वाटायचं की तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी केलं असेल.

मी विचारलं, “पण मग पाटीवर आईचंच नाव कसं?”

“माझं लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती पाटी खाली रस्त्यावर असती. नाव तिचं होतं म्हणून कुणी हात लावला नाही. बोलायचं ते तिला बोलले. एवढीशी दोरी ती काय, नावं कसली टाकते! ती ऐकून घ्यायची.” मग त्या उठल्या, खिडकीच्या फटीत वाऱ्यासाठी खोचलेला पत्रा उपसला आणि माझ्या हातात दिला. “बघ. जागा बदलली, पण हा टाकवला नाही.”

एका बाजूला आईचं नाव, हिरव्या रंगात, आपल्या खिडकीला लावलेल्या त्याच रंगात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात: ‘बारानंतर नर्सबाई.’

पाटी दोन्ही बाजूंनी रंगवलेली होती, दादा. तू टाकीखाली बसून अभ्यास करायचास. तिथून पुढचीच बाजू दिसत असणार.

— धाकटी


रविवार, १६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, उलटतपासणीच आहे. तरी बरं वाटलं. आठ वर्षांत तू मला काही विचारलंच नव्हतंस.

तू म्हणतोस, एका उदाहरणाने सिद्धान्त पडत नाही. बरोबर. पण एकाच उदाहरणावर तो उभा राहिला होता ना? तेव्हा तुला आणखी उदाहरणं लागली नाहीत.

तू विचारतोस, नर्सबाईंच्या स्मरणावर किती विसंबायचं? त्या सत्तरीच्या आहेत, आणि आईचे उपकार मानणाऱ्या आहेत. मीही हेच त्यांना विचारलं, जरा गोड भाषेत. त्या म्हणाल्या, “उपकार? मला राग आला होता गं तुझ्या आईचा. महिनाभर. मला न विचारता पाटीवर माझं नाव लिहून मोकळी. पाटीचं विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. तिलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तर विचारलं नाही.” हे तुझ्या कामाचं आहे बघ. माणसाला न विचारता त्याचा हक्क त्याच्या हातात ठेवला, तर तो न्याय की दांडगाई? मला ठरवता येत नाही. तू यावर एक प्रकरण लिहिशील.

आणि तिसरा प्रश्न, बाकीच्या सहा बिऱ्हाडांनी पाट्या का लावल्या? त्यांना तर उंदरीही माहीत नव्हती आणि नर्सबाईंचं दुःखही.

इथे मी तुझ्या बाजूने साक्ष देणार आहे, नाहीतर म्हणशील धाकटी वकिली करतेय. त्यांनी भीतीनेच लावल्या. आईची पाटी बघून शिंपीणकाकू म्हणाल्या, “आता आपण नाही लावली तर उभं राहायला जागा उरायची नाही.” नर्सबाईंनी हे कानांनी ऐकलंय. दुसऱ्या मजल्यावरचे कारकूनकाका तर मोजपट्टी घेऊन गच्चीवर आले. स्वतःची दोरी मोजली, मग सगळ्यांच्या मोजल्या. त्यांची दोन वितींनी कमी भरली. तीन दिवस भांडण चाललं. काकांनी शिंपीणकाकूंना ‘दोरीचोर’ म्हटलं, आणि काकू म्हणाल्या, “तुमच्या दोन लुंग्यांना एवढी कशाला हवी, गळफास घ्यायचाय?” हे तूही ऐकलं असशील. तेवढं सगळं खरं आहे. तू चौदा वर्षांचा होतास आणि तू जे पाहिलंस ते नीट पाहिलंस.

म्हणजे बघ कशी गंमत आहे. गच्चीवर मालकी आईनेच आणली, हे तुझं म्हणणं टिकतं. फक्त ती भीतीपोटी आणली नाही. एका दोरीत दोघींना जागा करायला ती पाटी लागली, आणि बाकीच्यांनी पुढची बाजू बघून आपापल्या रंगवल्या. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीतून भांडण निघालं. असं का होतं? तुझ्या सहाशे पानांत मला हे कुठे सापडलं नाही. सरळ वाचलं, तरीही नाही. मी विद्यापीठात शिकलेली नाही. मला खरोखर जाणून घ्यायचंय.

शेवटी तू विचारलं आहेस, ‘दुपारी बारानंतर दोरी तिची होती, तर आपले कपडे कुठे वाळायचे?’ हे मला माहीत नाही. नर्सबाईंनाही माहीत नाही. तूच आठवून बघ.

फोरमनला मी नववा फॉर्म सगळ्यात शेवटी घ्यायला सांगितलंय. तो म्हणाला, “ताई, तत्त्वज्ञान आहे, कुणाला घाई नसते. पण मशीनला असते.”

— धाकटी


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावर ‘प्रति, मुद्रितशोधक’ दिसलं नाही तेव्हा आधी वाटलं, चुकीच्या घरी आलं. मग आतला मायना वाचला. ‘शेपूट’ या नावाने मला शेवटचं कुणी हाक मारली होती ते आठवत बसले. तू शाळेत जायचास आणि मी फाटकापर्यंत मागे मागे यायचे, तेव्हाची गोष्ट.

तुझं पत्र चार ओळींचं आहे. त्यातली एक पुन्हा इथे लिहिते, ती खरी आहे का हे मला लिहून बघायचंय: ‘आपल्या शर्टाची कॉलर सकाळी नेहमी ओलसर असायची. आई ती इस्त्रीने सुकवायची आणि मी तिच्यावर ओरडायचो.’

हो. माझ्या फ्रॉकचा पट्टाही. बाराला कपडे उतरवायचे म्हणजे अर्धे ओलेच उतरवायचे. मग ते घरात खुर्च्यांच्या पाठीवर. तू म्हणायचास, आपल्या घराला धड कपडे वाळवता येत नाहीत. आई म्हणायची, “ऊन कमी पडतं रे.” एवढंच. गच्चीवर ऊन होतं, ते तिने दुपारनंतर दुसऱ्याला दिलं होतं, आणि हे आपल्याला सांगायची तिला गरज वाटली नाही. की सांगितलं असतं तर उंदरी उघडी पडली असती म्हणून? हे आता कुणाला विचारायचं?

तू लिहितोस, सिद्धान्त मी सोडलेला नाही. सोडू नकोस. कारकूनकाकांची मोजपट्टी मीही विसरलेली नाही. पण तू असंही लिहितोस की तुला पाटीची मागची बाजू स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे, आणि ती बघितल्याशिवाय एक ओळही बदलणार नाहीस. हे मात्र अगदी तुझं झालं. बरं वाटलं.

तर आता पुढचं. तुझी गाडी परवा, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पोचते. मी स्टेशनच्या फाटकाशी उभी असेन. मला ओळखशील, केस पांढरे झालेत एवढंच. तिथून हॉस्पिटलमागची वसाहत पायी दहा मिनिटं. नर्सबाईंना काल सांगून आले. त्या म्हणाल्या, “तो टाकीखालचा पुस्तकवाला? येऊ दे. पण मलाही दोन प्रश्न विचारायचेत म्हणावं.” प्रश्न कोणते, ते त्या मला सांगत नाहीत. पत्रा त्यांनी खिडकीतून काढून पुसून ठेवलाय आणि फटीत वर्तमानपत्र कोंबलंय.

संपादिकाबाईंना पान १४३ राखून ठेवायला सांगितलंय. त्यांनी फक्त विचारलं, “सर येतायत? स्वतः?” आणि फोन ठेवला.

बाकीचे फॉर्म शुक्रवारी सकाळी नऊपासून मशीनवर चढतील. नवव्यासाठी फोरमनने दुपारी बारापर्यंत वेळ दिलाय. त्यानंतर जे असेल ते छापलं जाईल, जुनं किंवा नवं. म्हणजे नर्सबाईंकडून निघाल्यावर तुझ्याकडे दीडएक तास उरेल. छापखान्यात कोपऱ्यातलं माझं टेबल रिकामं करून ठेवते. कागद, पेन आहे. दाबलंस तरी फुटणार नाही असं पेन आणलंय. जागा अकरा ओळींची आहे.

तुझं लिहून झालं की मी ते तपासेन. यावेळी वरून खाली.

— शेपूट